आकाशपाळण्यातली बाई

१९५८ साल. पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली होती. आमखास मैदानावर नुमाइश, म्हणजे प्रदर्शन अन् जत्रा एकत्रच, भरली आणि तात्यासाहेब नवा डबा कॅमेरा घेऊन रोज आकाशपाळण्याखाली उभे राहू लागले.

त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, नुमाइश अन् कॅमेरा दोन्हींचा तिटकारा. धुऊन आलेले फोटो पाहून त्या म्हणाल्या, "माणसांची मुंडकी उडवायची एवढी हौस, तर खाटीक व्हायचं होतं. अन् ह्या खिदळणाऱ्या बाया कुण्या घरच्या? मी तर तिथं पाऊलसुद्धा ठेवलं नाय."

शेजारची फहमिदा एक फोटो न्याहाळत होती. "भाभी, ये सबसे ऊपर तुमीच हैं ना? कित्ता हस रहें."

सर्वात वरच्या पाळण्यात सरूबाईंचंच लुगडं होतं, त्यांचीच नथ होती. फक्त ती बाई तोंड उघडं टाकून हसत होती. सरूबाई जन्मात तशा हसल्या नव्हत्या.

"असल्या छप्पन्न बाया असतात," म्हणत त्यांनी पुढचा फोटो उचलला. त्यात ती एक पाळणा खाली होती. त्याच्या पुढच्यात आणखी खाली. शेवटच्या फोटोत तिचा पाळणा जमिनीला लागला होता आणि पाळणेवाला तिला उतरायला दांडी उचलत होता.

सरूबाईंनी फोटो पालथा घातला. तेवढ्यात बाहेर कडी वाजली. दार उघडायला त्या स्वतःच गेल्या.

पुढं तात्यासाहेबांनी कॅमेरा विकला. फहमिदा सिल्लोडला नांदायला गेली. सरूबाई नव्वदीपर्यंत जगल्या, दर नुमाइशीला गेल्या, सगळ्यांशी तोंड भरून हसल्या.

फोटो अजून आहेत. आता प्रत्येकात सर्वात वरच्या पाळण्यात एक बाई नाक मुरडून बसली आहे. तो पाळणा काही खाली आलेला नाही.