शेवटचे चार आकडे

"शेवटचं इचारते! चव्वेचाळीस सतरा! चव्वेचाळीस सतरा कुणाचं हाय?"

शालनबाईनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून खणखणीत हाळी दिली. कुरुळीच्या त्या गल्लीत पहिल्या शिफ्टची माणसं नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरली होती. प्रत्येकानं खोक्याकडे बघितलं, "माझं नाही मावशी" म्हटलं आणि पुढं गेला. वर मेले हसत होते. आठ दिवस हाच तमाशा चालला होता.

खोक्यावर पत्ता होता 'शालनमावशी किराणा, कुरुळी'. पण त्यात नवल ते काय? गल्लीतल्या प्रत्येक पार्सलवर तोच पत्ता असायचा. खोल्यांवर राहणारी पोरंपोरी दिवसभर कंपनीत. एकेकट्यानं मागवलं की डिलिव्हरीचे पन्नास रुपये जायचे, आणि दाराला कुलूप बघून पार्सल माघारी. मग त्यांनी युक्ती काढली. आठ-दहा जणांनी मिळून एकच ऑर्डर द्यायची, म्हणजे डिलिव्हरी फुकट. पत्ता मावशीचा.

मावशीला इंग्रजी वाचता यायचं नाही, आकडे मात्र पक्के यायचे. ऑर्डर देताना ज्याचा फोन नंबर टाकला, त्याचे शेवटचे चार आकडे खोक्यावर छापलेले असत. तिच्या वहीत अख्ख्या गल्लीचे नंबर होते. आकडे जुळवायचे, फोन लावायचा आणि ठरलेलं बोलायचं. "तुमचं पार्सल आलंय. घेऊन जा."

चव्वेचाळीस सतरा वहीत कुठंच नव्हतं.

ज्या ऑनलाइननं तिचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच ऑनलाइनचं सामान ती राखत बसायची. शेजारपाजारचे हसायचे. ती म्हणायची, "पोरं राबत्यात दिसभर. जागा तर पडूनच हाय." त्याबद्दल कुणी चहा पाजतो म्हटलं तरी घ्यायची नाही.

तिचं खरं दुखणं निराळंच होतं. दोन महिन्यांपूर्वी तिचा वजनकाटा बिघडला. तीच साखर एकदा किलोभर दाखवायची, एकदा पन्नास ग्रॅम जास्त. एका नव्या गिऱ्हाइकानं चारचौघांत बोलून दाखवलं, "मावशी काटा मारते." तीस वर्षांच्या दुकानदारीत हा शब्द तिच्या कानावर कधी पडला नव्हता. त्या दिवशी शालनबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं सुटा माल विकणंच सोडलं. नवा काटा घ्यायची ऐपत नव्हती, आणि बांधीव पुडे लोक ऑनलाइन मागवायचे. दुकानात धंदा म्हणावा असा उरलाच नाही. पाडव्याला दुकान कायमचं बंद करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बिघडलेला काटा मात्र तिच्यानं टाकवेना. तो तिनं त्या बेवारस खोक्यावरच ठेवून दिला होता.

समोरच्या खोलीतला ज्योतीराम रोज कामावरून येताना म्हणायचा, "मावशी, उघडून तर बघा एकदा."

"दुसऱ्याचं उघडू व्हय रं? हे पाप माझ्या हातनं न्हाई व्हायचं!"

ज्योतीराम कपाळाला हात लावायचा.

आज तर तिनं पार्सलवाल्यालाच थांबवून घेतलं. "चुकून आलं असंल बाबा. ज्याचं त्याला पोचव. कुणीतरी बिचारं वाट बघत असंल." त्यानं काटा बाजूला ठेवला आणि खोकं उचललं. ते बघून ज्योतीरामचं हसू पळालं.

"ओ भाऊ, थांबा, थांबा! भाग्यश्री, ए भाग्यश्री! खाली ये लवकर, मावशीनं घोळ केला!"

वरच्या खोलीत राहणारी, पॅकिंग लाइनवर काम करणारी भाग्यश्री धावत खाली आली.

"मावशी, चव्वेचाळीस सतरा ना? आहे माझ्याकडे नंबर. लावते."

"मग आठ दिस काय तोंडात गुळणी धरून बसलीवतीस?"

भाग्यश्रीनं नंबर लावला. तेवढ्यात गल्ल्यात फोन वाजला.

"थांब गं जरा, माझाच वाजतोय," म्हणत शालनबाईनं फोन कानाला लावला. "हालो, कोण बोलतंय?"

समोर उभी असलेली भाग्यश्री म्हणाली, "मावशी, तुमचं पार्सल आलंय. घेऊन जा."

शालनबाईला काही उमजेना. तिनं फोनकडे बघितलं, भाग्यश्रीकडे बघितलं, खोक्यावरच्या आकड्यांकडे बघितलं. साऱ्या गल्लीला ती फोन लावायची. स्वतःचा नंबर लावायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. एव्हाना दुकानापुढं घोळका जमला होता, आणि तिकडून एकच हशा उठला.

"आता तरी उघडा!" ज्योतीराम ओरडला.

खोक्यात कोराकरकरीत वजनकाटा होता. शालनबाईनं जुनं लोखंडी किलोचं माप त्याच्यावर ठेवलं. आकडे हलले आणि बरोबर एक किलोवर थांबले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "आता म्हणा म्हणावं, मावशी काटा मारते! देवानं माझी लाज राखली गं... तुमीच राखली."

मग एकदम सावरून तिनं गल्ला ओढला. "पर फुकट न्हाई घ्यायची मी. तुमच्या घामाचा पैसा हाय त्यो. किती पडले, सांगा. जमंल तसं फेडीन."

"आमचा एक रुपया बी नाही त्यात, मावशी," ज्योतीराम म्हणाला. "दोन वर्षांत आमचा जेवढा डिलिव्हरी चार्ज वाचला, तेवढाच आहे. डिलिव्हरी तुम्ही केली, चार्ज तुम्हाला पोचला."