नावनाही-राव

नऊशे सत्तर नोंदी झाल्या तेव्हा काकासाहेब लेकीच्या मोबाईलवर वाकून म्हणाले, "आता असं लिही. त्याला खड्ड्यातच ठिवायचा हुता, खत तरी झालं असतं."

मोनिकाचा अंगठा थांबला. "आबा, हे मी कसं लिहू?"

"माझ्याबद्दलच हाय. मला चालतंय."

तिनं लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं : हे आधीच लिहून झालंय, नवीन काहीतरी लिहा.

पारनेरच्या कुणा इंजिनिअर पोरानं जपानमधल्या जुन्या इंटरनेट फळ्यांवरून हा कट्टा काढला होता. तिथं कुणालाच नाव नसतं. जपानात म्हणे सगळे नावनाही-सान, इथं सगळे नावनाही-राव. एका विषयाला एक धागा. हजार नोंदी भरल्या की धागा बंद होतो, तळाला जातो, पुसला जातो. त्याआधी तो बंद करायचा अधिकार कुणालाच नाही, काढणाऱ्यालाही नाही. जपानी माणसांनी हे शोधून काढलं आणि तालुक्यानं मनावर घेतलं.

या धाग्याचं नाव होतं 'शेणात काकासाहेब'. अकरा दिवसांपूर्वी गोबरगॅसच्या शेणखड्ड्यात रेडकू पडलं. ते काढायला काकासाहेब उतरले आणि गळ्यापर्यंत रुतले. रेडकू आपलं आपण बाहेर आलं. तेव्हापासून काकासाहेब डेअरीवर गेले नव्हते. धागा पुसला जाईपर्यंत जाणारही नव्हते. नऊशेच्या पुढं गावाचा उत्साह कमी झाला, म्हणून आज सकाळपासून बापलेक मिळून हजार भरायला बसले होते. स्वतःला नावं ठेवणं सोपं नसतं. चांगली चांगली आधीच संपलेली असतात.

नऊशे नव्वद झाले. काकासाहेबांनी चष्मा पुसला.

"आपुन लिहितो त्याच्या खाली हे काय येतंय? म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावानी?"

"कोड आहे तो. ज्या घरच्या वायफायवरनं लिहिलं त्या घराचा. रोज बदलतो."

"मग आज पहाटच्या चित्राखाली आपला बिल्ला कसा काय?"

ते चित्र सगळ्यांत गाजलं होतं. नुसत्या कंस, टिंबं आणि रेघांनी काढलेलं, तीही जपानचीच रीत. गळ्यापर्यंत रुतलेला म्हातारा, उघडं तोंड, डोक्यावर उभं असलेलं रेडकू. खाली लिहिलेलं वाचायच्या लायकीचं नव्हतं, म्हणून त्याला सगळ्यात जास्त उत्तरं होती.

मोनिकानं आतल्या दाराकडं बघितलं. घरात मोबाईल दोनच. दुसरा आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता.

"अमृत," काकासाहेबांनी हाक मारली.

लेक बाहेर आला. चित्र बघितलं, बिल्ला बघितला. नाही म्हणायच्या भानगडीत पडला नाही.

"सगळं गाव लिहितंय आणि आपलंच घर गप्प," तो म्हणाला. "उठून दिसलं असतं. लोकांना संशय आला असता."

"कसला?"

"तुम्हीच पडलात, असा."

काकासाहेबांनी यावर जरा विचार केला. मग विचारलं, "किती येळ लागला काढायला?"

"तीन तास. नाकाला जास्त लागला."

"नाक लई बरोबर आलंय."

"फोटोवरनं काढलंय ना. तोंडपाठ एवढं हुबेहूब येत नाही."

गोठ्यातली म्हैस एकदा ओरडली. काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, "मी आत हुतो तवा तुला दोर आनायला धाडलं हुतं."

"आणला की."

"अर्ध्या तासानं आनलास."

"उजेड समोरून येत होता," अमृत म्हणाला. "नीट फोटो यायला दोनदा जागा बदलावी लागली."

मोनिकानं मोबाईल जमिनीवर ठेवला आणि हात ओढणीला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. एवढ्यात कुठल्या कुठल्या घरातून आठ-नऊ नोंदी आपोआप पडल्या. आकडा नऊशे नव्व्याण्णव झाला.

"हजारावं तू लिही," काकासाहेब अमृतला म्हणाले. "'चित्र मी काढलं', एवढंच. खाली नाव घाल. तुझं, माझं, आडनाव, समदं. मग पुसू दे."

"आबा, तिथं कुणी नाव लिहीत नाही."

"माझं लिहिलं की. हजारदा."

अमृतनं मोबाईल उचलला. एक अक्षर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. परीक्षेत अवघड प्रश्नापुढं बसतो तसा बसून राहिला. काकासाहेब त्याच्या अंगठ्याकडं बघत होते. घाई नव्हती त्यांना. अकरा दिवस थांबले होते, आणखी थोडं थांबले असते.

मोबाईल हातातल्या हातात थरथरला. हजारावी नोंद पडली होती. लिहिणारा कुणी नावनाही-राव : चित्रवाला भाऊ अस्सल कलाकार हाय. भाग दोनमधी म्हातारा शेणात पवताना काढ.

त्याखाली आलं : धागा बंद झाला आहे.

त्याच्याही खाली नवा धागा उघडलेला होता, पहिल्याच ओळीत चित्रवाल्या भाऊची वाट बघत.

अमृतला हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण ओठाच्या एका कडेनं थोडं निसटलंच.

काकासाहेबांनी ते पाहिलं. उठले, दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि मोरीकडं निघाले.

"मोनिका, बंब पेटव. एकाच्या नावानं आंघोळ करायचीय."

"कुणाच्या?" अमृतनं मान वर न करता विचारलं.