स्वस्तातला मदरबोर्ड

कॅमेऱ्यात वाघ दिसला की सायरन वाजवणारा कॉम्प्युटर धम्मदीपने पोंभुर्ण्याजवळच्या आपल्या गावासाठी जोडायला घेतला. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा होता, तरी मदरबोर्ड त्याने स्वस्तातलाच निवडला.

"भाऊ, प्रोसेसर एवढा पळवला तं हा बोर्ड उन्हाळ्यात टिकणार नाई," दुकानातली साक्षी म्हणाली.

"टिकते वो, द्या."

मे महिन्यात भर दुपारी बोर्ड जळाला. सायरन वाजलाच नाही, आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या एका बाईला वाघाने मानेला धरून ओढत नेलं.

गावाने धम्मदीपला घरातून फरफटत बाहेर काढलं. काठ्यांनी त्याचं डोकं फुटलं, दात पडले. रक्त थुंकत तो विचारत राहिला, "पण नेलं कोणाले?"

 

"तुह्या मायले," त्याचा बाप म्हणाला आणि त्याने पुन्हा काठी उगारली.