जरा सावकाश, आई

“झालं! काही नाही त्यात,” म्हणत पोटविकार विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे सरकवली. फिल्म त्यांच्याच पोटातली होती. आदल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याची कुपी गोळीसारखी गिळली होती. आतड्यातून जाताना तिने काढलेली हजारो चित्रे आता त्या स्वतःच तपासत होत्या. दुसऱ्या कोणाच्या नजरेवर त्यांचा भरवसा नव्हता. आत कुठून तरी रक्त झिरपत होते, जिना चढताना धाप लागत होती. ती जागा सापडली नाही, तर सर्जन पोट उघडून शोधणार होते. तरीही फिल्मचा वेग मात्र नेहमीचाच, यंत्राला झेपेल तेवढा जास्तीत जास्त.

“आई, जरा सावकाश बघितलं तर?” शेजारून सून म्हणाली. तीही त्याच विभागात डॉक्टर होती, पण नवी.

“सावकाश? तू फिल्म बघतेस की स्वेटर विणतेस? अगं, तुझ्या जन्माआधीपासून लोकांची आतडी बघतेय मी. नजर मुरावी लागते!” आणि अहवालावर ‘नॉर्मल’ लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

सुनेने अहवाल फाइलला लावला. बाईंना ते आवडले.

रक्त घटतच राहिले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याच आठवड्यात सून म्हणाली, “आई, विद्यार्थ्यांना शिकवायला एक फिल्म निवडलीय. तुम्ही नजर टाका. वेग मात्र मी लावणार.”

“लाव बाई. होऊन जाऊ दे गोगलगायीचं राज्य!”

फिल्म रांगू लागली. बाईंनी दोनदा जांभई दिली. मग एकाएकी त्या पुढे वाकल्या.

“थांब! मागे घे. हा बघ, आतड्याच्या घडीच्या आड! लाल ठिपका, आणि त्यातून रक्ताची तार. दुर्बिणीतून डागलं की काम फत्ते, पोट फाडायची गरजच नाही!” त्यांचा चेहरा उजळला. मग भुवया चढल्या. “ही फिल्म आधी कोणी पाहिली होती?”

“एका अनुभवी डॉक्टरांनी. नॉर्मल म्हणून सही केलीय.”

“नॉर्मल? कोण हा दिवटा? उभं कर त्याला माझ्यासमोर!”

आतड्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते; पडद्याच्या कोपऱ्यात असते. सुनेने तिथे चिकटवलेली कागदाची पट्टी अलगद काढली. बाईंनी नाव वाचले. चष्मा पुसला. पुन्हा वाचले. आणि खोलीबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसल्या.

“दिवट्याला उभं नको करूस, आडवं कर,” त्या म्हणाल्या. “पेशंटही तोच आहे.”