पळसाची सात पानं

तासाभरापासून उर्वशी वैनगंगेच्या रेतीवर पालथी पडून फोटो काढत होती. कोपरं भाजलेली, डोक्यावर ओला टॉवेल, पण तोंडभर हसू. चंद्रपूरच्या बँकेत नोकरी करणारी ही पोरगी रविवार आला की कॅमेरा घेऊन असं कुठंतरी ऊन खायला जायची. आणि आज पाखरंही अशी, की एक खाली बसून राहील तर शपथ! काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पंधरा-वीस नदी सुरय पाखरं एकसारखी डोक्यावर घिरट्या घालत होती, ओरडत होती. उडत्या पाखराचा फोटो म्हणजे दिवसदिवस वाट पाहायची गोष्ट, इथं तर नुसती लूट चालली होती.

इंदुताई डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलांत बसून हे कौतुक बघत होती. उन्हाळ्यात नदी आटली की मधलं हे रेतीचं बेट तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, लहानूचं. दोघं डोंग्यानं यायची, टरबूज-डांगराची वाडी करायची. बेटाच्या टोकाला पाखरं अंडी घालायची. त्यांच्याशी इंदुताईचं काही भांडण नव्हतं. उलट आज पहाटेच तिनं त्यांच्यासाठी एक पुण्याचं काम केलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

तेवढ्यात उर्वशीनंच विचारलं, "ताई, तिकडं रेतीवर पळसाची पानं कशी आली जी?"

"आली नाई वं, म्या ठेवली!" इंदुताई हरखून उठली. "सात जागी अंडी हायेत, उघड्या रेतीवर. पायाले फोड येते अशी रेती! शिजून नाई जातीन का? आपण डांगराच्या पिल्लाले पान झाकतो, तसंच झाकलं. वरतून गोटाही ठेवला, पान उडू नाई म्हणून."

उर्वशीच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं कॅमेऱ्यातले फोटो मागं मागं नेले आणि इंदुताईपुढं धरले. तेच पाखरू खाली येत होतं, पानाभोवती फिरत होतं, पानावर चोच मारत होतं, परत वर जात होतं. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

"हे हौसेनं उडून नाई राह्यले, ताई. यायले बसाले जागाच नाई. अन् मी येडी खूश होऊन फोटो काढून राह्यली!"

इंदुताईनं फोटोवरून नजर उचलून रेतीकडं पाहिलं. "माय वं! म्हणजे म्याच मारली का अंडी?"

"मी म्हनलोच होतो," डोंग्याजवळ जाळं सांधत बसलेला लहानू बोलला. "पाखराच्या संसारात हात नोको घालू म्हनून."

कसला म्हणाला होता! सातही गोटे यानंच वेचून दिले होते.

पण भांडायला वेळ कुठं होता? दोघी वाकून धावल्या. एकेक गोटा उचलला, एकेक पान काढलं. खाली रेतीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची अंडी. "सावलीत होती, म्हणून चांगली असतीन अजून," उर्वशी दबक्या आवाजात म्हणाली. "पण आता ऊन थेट लागन. चला लवकर, आपण इथून हटल्याशिवाय थे येत नाईत."

तिघं वाडीतल्या मांडवाच्या सावलीत येऊन बसली. उर्वशीनं कॅमेरा पिशवीत टाकला. सातही पानं इंदुताईच्या मांडीवर तशीच होती. पाखरं वरच फिरत होती.

"किती वेळ टिकतीन अंडी?"

"माहीत नाई, ताई."

इंदुताईला बसवेना. रेतीवरून वाफा निघत होत्या. पानं परत टाकावी म्हणून ती उठलीच, तर लहानूनं तिचं मनगट धरलं. "बस," तो म्हणाला. त्याच्याही हातातलं जाळं केव्हाचं गळून पडलं होतं.

एक सुरय खाली आली. ती अंड्यांवरून गेली आणि सरळ नदीकडं निघून गेली.

"गेली वं माय," इंदुताईचे डोळे भरून आले.

सुरय पाण्यावर उतरली. मासा धरला नाही, काही नाही. नुसतं पोट पाण्यात बुडवलं आणि उलटपावली माघारी. अंड्यांजवळ उतरली, दोन पावलं चालली, पोटाची पिसं फुलवून अलगद बसली. अंड्यांवर पाणी ठिबकलेलं मांडवातून दिसलं.

"ओली होऊन आली," उर्वशी कुजबुजली. "अंडी थंड कराले."

"अवो बाप्पा!" इंदुताई रडता रडता हसायला लागली. "अन् मी चालली होती इले शिकवाले!"

मग दुसरी आली. तिसरी आली. कुणी ओली, कुणी कोरडी. इंदुताई बोटांवर मोजत गेली. सातवी बसली तेव्हा ओरडा थांबला होता. जोडीदार पाखरंही काठाशी एका रांगेत उभी राहिली.

"घे पोरी," लहानू म्हणाला. "आता कायचा फोटो काढशीन? आभाळ तं रिकामं झालं."

"राहू द्या जी," उर्वशी म्हणाली. "असंच चांगलं हाय."

इंदुताईनं मांडीवरचं एक पान पदरानं पुसलं. डांगर फोडून मोठी फाक त्यावर ठेवली आणि उर्वशीपुढं सरकवली.

"खा बाई," ती म्हणाली. "तुहंही पोट थंड होऊ दे."