सासूबाईंची खिडकी
घर स्वतः उभं राहून बांधून घ्यायचा तिचा हट्ट नवऱ्याला झेपेना, म्हणून त्याने ठेकेदाराला बोलावलं. “सगळं माझ्यावर सोपवा, थेट किल्ली घ्यायला या,” ठेकेदार म्हणाला. तिने सासूबाईंच्या खोलीतली अर्धवट बांधलेली भिंत दाखवली. “इथे खिडकी किती उंचीवर घ्याल?” “सगळीकडे घेतो तेवढ्याच.” ती पलंगाच्या जागी, सिमेंटच्या धुळीत आडवी झाली. “इथून नुसतं आभाळ दिसतं. सासूबाई दिवसभर पडून असतात आणि गल्लीत कोण आलं-गेलं ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.” ती उठल्यावर ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी तिथेच लवंडला. तिच्या खुणेसरशी गवंडी वरच्या विटा काढू लागला. “अजून एक थर… हां, फाटक दिसलं,” ठेकेदार पडल्यापडल्या म्हणाला. “मग काम घेताय ना?” नवऱ्याने विचारलं. “ते वहिनींकडेच राहू द्या. पण माझ्या आईची खिडकी बघायला त्या कधी येतील?”