मिश्रीलालशेठचा रविवार

"बापूजी, तुम्ही मासे खाता का?"

वर्गातल्या मुलींनी पैज लावली होती, म्हणून राजकुंवरने भर जेवणात विचारून टाकलं. मिश्रीलालशेठचा घास हातातच राहिला.

"हळू बोल," आई लाडकुंवर म्हणाली. "धुळ्याला ऐकू जाईल."

धुळ्याचं स्थळ सांगून आलं होतं. कडक जैन घर, कांदासुद्धा चालत नसे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, साखरपुडा व्हायचा होता. त्यांनी निरोपच धाडला होता: मुलीच्या घरात जरा जरी वावगं निघालं, तर सोयरीक मोडली समजा.

शेठ पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

होळी झाल्यापासून दर रविवारी ते मेहरूण तलावावर जात. वकील, मास्तर, केळीवाले पाटील अशा हौशी माणसांचं तिथे वनविहार मंडळ होतं. शेठ परतायचे ते चिखलाने भरून. स्वयंपाकघरात पाय टाकायच्या आधी अंगणातच आंघोळ. सदऱ्याला मात्र माशांचा वास यायचाच.

पुढच्या रविवारी राजकुंवर मैत्रिणीला, पुष्पाला, घेऊन तलावावर गेली. पुष्पाचे वडील नथ्थू पाटील मंडळातलेच.

"आणि खरंच खात असले तर?" पुष्पाने विचारलं.

"असू देत. मला कळायलाच हवं."

दोघी बाभळीआड बसल्या. खंड्या पाण्यात सूर मारत होता. पलीकडच्या गाळात बगळ्यांची सभा भरली होती. काठावर तीन दगडांची चूल, कढईत मासे, भोवती हशा. आणि शेठ? हातात काठी, काठीला दोरी, दोरी पाण्यात.

"गेलं तुझं धुळं," पुष्पा कुजबुजली.

राजकुंवर डोळे ताणून बघत राहिली. शेठनी दोरी वर ओढली. टोकाला नुसता कणकेचा गोळा, तोही अर्धा खाल्लेला.

"शेठ, तुमना गळ कोठे शे?" नथ्थू पाटलांनी विचारलं.

"गळ कशाला? ते जेवतात, मी बघतो." शेठ नवा गोळा बांधू लागले.

"पोट भरेल मासा मंग आमना गळले कसा लागी?"

सगळे हसले. तळलेल्या माशांचं ताट फिरत आलं. शेठनी हात जोडले आणि आपला शेव-मुरमुऱ्यांचा डबा उघडला.

राजकुंवरने कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

"सुटलीस बाई," पुष्पा म्हणाली.

संध्याकाळी कळलं, शेठ मासे खातात ही कुजबूज धुळ्यापर्यंत पोचली होती. पाहुणे उद्याच खात्री करायला येणार होते.

"येऊ देत," शेठ शांतपणे म्हणाले. "मंडळातलं कुणीही सांगेल. स्थळ कुठे जात नाही."

राजकुंवर आई-बापूजींच्या समोर येऊन उभी राहिली.

"बापूजी, तुम्ही खात असता तर माझं काम झालं असतं. मला मॅट्रिक व्हायचंय. म्हणून उद्या पाहुणे यायच्या आत मी पुष्पाकडे जाऊन मासा खाणार आहे."